तुटलेल्या वाटेवरचा संपत

मी कुंडलचा. भरतीच्या वेळी साहेबांनी विचारलं, घोड्यावर बसता येतं का? मी येतं म्हणालो. बसलो होतो ते वरातीच्या घोड्यावर, तेही दुसऱ्याच्या लग्नात. पोस्टिंग मिळालं खेचरांच्या तुकडीत, घोडेस्वार म्हणून. माल वाहणाऱ्या खेचरांच्या रांगेत मागंपुढं फिरायचं आणि निरोप पोचवायचे.

पहिल्या लढाईत आम्ही पश्चिम सीमेवर होतो. पहिलाच गोळा जवळ फुटला, घोडा उधळला आणि मी बाजरीच्या रानात आडवा. चालत तळावर आलो, तर घोडा आधीच येऊन हरभरे खात होता. हवालदार म्हणाले, "घोडा तो हाजिर है. जवान कहाँ था?" यावर पुरवून पुरवून वर्षभर हसले सगळे.

दुसऱ्या लढाईपर्यंत मी नायब सुभेदार झालो होतो. या वेळी बर्फाचे डोंगर होते, ट्रक खालीच थांबायचे. माझ्या हाताखाली नायक संपत होता, कोयनानगरचा. अडलेलं खेचर त्याच्या आवाजानं चालायचं.

एका सकाळी वरच्या चौकीवरचा दारूगोळा संपायला आला. आम्ही धुक्यात निघालो. अर्ध्या चढणीवर गोळ्यांनी वाट तोडली. पायाखालची जमीन हादरत होती.

वायरलेसवर आवाज आला, "माल कुठं आहे? ओव्हर."

"वाट तुटली आहे. माल येतोय. ओव्हर."

मी संपतकडं पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, आमच्या कोयनेला याच्यापेक्षा जास्त हलतंय. पेट्या उतरवूया."

पेट्या आम्ही पाठीवरून पलीकडं नेल्या. खेचरं मात्र हलेनात. संपतनं पहिल्याच्या तोंडात गूळ दिला, कानाशी काहीतरी पुटपुटला आणि ते गेलं. त्याच्या मागं बाकीची गेली. माल पोचला. चौकी टिकली.

उतरताना शेवटच्या वळणावर गोळा पडला. त्यात संपत गेला. त्याच्या हातातलं खेचर वाचलं.

दरवर्षी मी कोयनानगरला त्याच्या आईकडं जातो. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, "साहेब, त्या दिशी त्यो जेवला हुता का वं?"

मी म्हणालो, "व्हय आई. स्वतःचे पराठे संपवले आणि माझ्यातला एक उचलला."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. बराच वेळ हसत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लहानपणापासनं तसाच हुता त्यो." आणि चहा ठेवायला उठल्या.