फी खिडकीवर

चौबे कॉलोनीत ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक भैया बसतो. काहीही सांगा, कॉम्प्युटरवरची नजर न हलवता "हव, हव" म्हणतो. मले ते आवडत नाही.

बायको वारली, तसं पोरीनं मले कायमचं परदेशात तिच्याकडं न्यायचं ठरवलं. मी भैयाले म्हटलं, "व्हिसाची फी भरून टाक."

या वेळी तो हव म्हणाला नाही. माझ्याकडे वळला. "काका, आपको जाना है, कि भेजे जा रहे हो?"

पोरीनं पाठवलेला कागद मी त्याच्यापुढं केला.

"तो आज मत भरो. ऑनलाइन भरी तो वापस नहीं मिलेगी. फॉर्म देने वीज़ा ऑफिस जाओगे, वहीं खिड़की पे भर देना. तब तक सोच लो."

बायको गेल्यापासून सगळे माझं ठरवूनच राहिले होते. विचारलं ते यानं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.