चांदीची अंगठी

परवा शेगावात सराफाच्या दुकानात तेजाबाचा उग्र वास आला आणि आमच्या लग्नाची खरेदी आठवली. मी वजन, भाव विचारून सोन्याची अंगठी निवडली होती. होणाऱ्या बायकोने, सुनंदाने, ती बाजूला सारली.

“मले चांदीचीच पाह्यजे.”

आई माझ्या कानाशी लागली, “पोरीच्या मनात लग्नच नाही वाटते.”

मलाही तोच संशय आला. स्वस्तातली वस्तू परत करायला सोपी. मी सुनंदाला दाराशी गाठलं, “नकार द्याचा हाय काय?”

“नाही हो! तुमच्या दोन बहिणी लग्नाच्या हायेत. माह्यं सोनं त्यायच्यासाठी मोडसान. चांदीले कोण हात लावते?”

आमच्यावर एवढा अविश्वास? मी रागारागात चांदीचीच अंगठी घेतली.

पुढे दोन्ही बहिणींच्या लग्नांत तिची एकेक पाटली मोडली. अंगठी मात्र कुणीच मागितली नाही.