दुसरा तुकडा

“पायल्याबिगर पाठवत नाई,” एवढं म्हणून चाचा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि हेडफोन लावायचे. मग बाहेर आग लागली तरी माणूस उठत नसे.

मूर्तिजापूरला स्टेशन रोडनं तुम्ही कधी गेला असाल तर चाचांच्या दुकानाची पाटी आठवेल. वर ‘टीव्ही दुरुस्ती’, खाली नव्या रंगात ‘इंटरनेट’. मी एका वाहिनीचा तालुक्याचा बातमीदार. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं, मुंबईला आमच्याकडची दृश्यं रोज हवी असायची. मी कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचो आणि ती पोचेस्तोवर बातमी शिळी व्हायची. चाचांनीच वाट दाखवली. “तुकडे करू न, पत्रकारसाब. अख्खं जात नाई, तुकड्यानं जाते.” व्हिडिओचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा आधी स्वतः पाहून ते नेटवरून पाठवायचे. शेवटचा गेला की म्हणायचे, “पोचलं.”

हंगामात कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असायच्या. चाचांनी समोरच्या गच्चीवर एक जुना कॅमेरा बसवला आणि रांगेचं चित्र तासातासाला आसपासच्या केबलवाल्यांना नेटवरून पाठवायला लागले. गावातला माणूस घरच्या टीव्हीवर रांग पाहायचा, कमी दिसली की बैल जुंपायचा. “हे सुचलं कसं?” मी विचारलं. “साळ्याचा बैल रांगीत बसला, थो उठलाच नाई. मंग सुचलं.”

त्यांना एकच हौस होती. “जिंदगीभर टीव्हीचं मागचं झाकन खोललं. एकडाव समोरून आत जाऊन पायचं हाय, कसं चालते तं.” गिऱ्हाइकं चिडवायची, “चाचा, कवा जाता टीव्हीत?” चाचा शांतपणे म्हणायचे, “बोलावतीन.”

आणि खरंच बोलावणं आलं. मुंबईहून मला फोन आला, रांग टीव्हीवर दाखवायची युक्ती कुणाची? त्या माणसाला स्टुडिओत बोलवायचंय, आधी त्याचं पाच मिनिटांचं बोलणं आज संध्याकाळपर्यंत पाठवा. मी म्हणालो, माझी. आता उगाच कारणं कशाला सांगू, मला तालुक्यातून सुटायचं होतं. केंद्रासमोर कॅमेरा लावून मीच पाच मिनिटं बोललो. चाचांचं नावसुद्धा घेतलं नाही.

पण ते पाठवायचं कुठून? गावात दुसरं कोण होतं? गेलो निर्लज्जासारखा त्यांच्याकडेच.

“आज पाहू नका चाचा, घाई आहे.”

“पायल्याबिगर कसं पाठवू? एखांदा तुकडा खराब निंगाला तं?”

मी समोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. चहा घेतला. काचेतून चाचांची पाठ दिसत होती. एका ठिकाणी ते थांबले, मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. मग पुन्हा एकदा.

बऱ्याच वेळानं बाहेर आले. चष्मा कपाळावर ढकलला. “पोचलं,” म्हणाले. “दुसऱ्या तुकड्यात हवा लय होती. तुमचा आवाज दबून राह्यला होता, साफ करून देल्ला.”

मी ‘थँक्यू’ म्हणालो. सांगायलाही लाज वाटते, पण तेवढंच म्हणालो.

मी स्टुडिओत जाऊन आलो, मुंबईला नोकरी लागली. तो कार्यक्रम चाचांनी दुकानातल्या टीव्हीवर लावून सगळ्यांना दाखवला म्हणे, “आपले पत्रकारसाब हायेत.” त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही. ते गेल्याचंही मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी बोलण्यातून.

ती पाच मिनिटं अजून नेटवर आहेत. मधूनमधून कुणीतरी कौतुकानं मला पाठवतं. सगळीकडे वारा घोंघावतो, बैलांच्या घंटा वाजतात, माझे निम्मे शब्द कळत नाहीत. एकच वाक्य स्वच्छ ऐकू येतं: “ही कल्पना मला सुचली.”