व्याह्यांची कोंड

आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नदीशी सोयरीक केलेला माणूस एकच, आणि माझं नशीब असं की त्याच माणसाच्या घरात मी माझी पोरगी दिली. म्हणजे आता नदी माझी कोण लागते ते तुम्हीच ठरवा. हे माझे व्याही. आमच्याच गावात, नदीच्या पलीकडच्या वाडीत राहतात. शाळेत मास्तर होते, रिटायर झाले, पण ते शाळेला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, कारण घंटेच्या आधी हे रोज दारात हजर. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मी व्याहीबुवा म्हणतो. माझ्या शिक्षणाचं विचाराल तर मी चौथीपर्यंत गेलो. म्हणजे चौथीच्या दारापर्यंत, आत नाही. पुढे टेम्पो घेतला. देवरूखच्या बाजारात भाजी, चिरे, नवरदेव, जे मिळेल ते वाहतो.

व्याही आठवड्यातनं एकदा शाळेची सगळी पोरं घेऊन साकवावर, म्हणजे नदीवरच्या छोट्या पुलावर, उभे राहतात आणि नदीची हजेरी घेतात. पोरांची नाही, नदीची. "खंड्या?" "हजर, गुरुजी." "बगळे?" "हजर." "खेकडे?" "दगडाखाली हायत, गुरुजी." "कासव?" "मंगळवारपासना नाय, गुरुजी." की झाली यांना काळजी. एकदा मी टेम्पो घेऊन साकवापाशी आलो तर यांनी हात करून थांबवला. "व्याहीबुवा, देवरूखला जाताय तर वाटेत कासव दिसतं का बघा, तळहाताएवढं आहे." मी म्हटलं, "दिसलं तर पुढच्या शिटवर बसवून आणतो." थट्टा होती ती. ते गंभीरपणे म्हणाले, "नको, खिडकीतून वारं लागेल. ओल्या गोणपाटात आणा." संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आलो तर पोरं साकवावर वाट बघत उभी, आणि त्यांची तोंडं बघून मलाच चोरासारखं वाटलं.

टेम्पो मी आधी नदीतच धुवायचो. पाण्यात घालायचा, साबण लावायचा, गाणं म्हणत घासायचा. व्याही कधी मला एका शब्दाने बोलले नाहीत. सुनेच्या बापाला कसं बोलणार? त्यांनी एक दिवस आख्खी पाचवी आणून काठावर बसवली. पोरं बोलेनात, हलेनात, नुसती बघत बसली. माझं गाणं बंद झालं. मग एक पोरगी उठून जवळ आली आणि म्हणाली, "काका, तुमी घरी पन पिण्याच्या पाण्यात पाय धुता?" मी टेम्पो अर्धा धुतलेला तसाच बाहेर काढला. त्या दिवशी देवरूखच्या बाजारात माझा टेम्पो एका बाजूने नवा आणि एका बाजूने जुना दिसत होता. हल्ली घरी बादलीने धुतो आणि बायको म्हणते, "त्या टेम्पोला आंगोळ हाय, माज्या झाडांना पानी नाय."

लग्नाची बोलणी झाली तेव्हाचं सांगतो. मी जीव मुठीत धरून बसलेलो, आता हे काय मागतात. म्हणाले, "आमच्या दोनच अटी." मी मनात टेम्पो विकायला काढला. "एक, प्लास्टिकचे ग्लास नकोत. दुसरी, वरात नदीकाठच्या उंबरापाशी आली की वाजंत्री बंद. ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली आहे. दार आतून लिंपून घेतलंय बिचारीने, नवरा चोचीने खाणं आणून भरवतो. दचकली तर संसार मोडेल." मी तत्काळ हो म्हटलं. मला काय माहीत, वाजंत्री बंद झाली की वरात कशी दिसते. सगळे खाली माना घालून, पाय न वाजवता चाललेले. समोरनं एक परगावचा माणूस स्कूटरवरनं आला, आम्हाला बघून उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच मला विचारलं, "कोन गेलं?" मी म्हटलं, "माजी पोरगी." "अरेरे. वय काय व्हतं?" "तेवीस." "देवाची मर्जी," म्हणाला, आणि स्कूटर हातात धरून आमच्याबरोबर चालायला लागला. उंबर मागे पडला तसा बँडवाल्याने जो ठोका दिला, त्यासरशी त्याची स्कूटर एकीकडे आणि तो एकीकडे. उचलून जेवायला नेला. दोनदा जिलेबी घेतली त्याने.

पण खरी गंमत झाली ती ह्या मे महिन्यात. आमच्या नदीला एक कोंड आहे, म्हणजे खोल डोह. उन्हाळ्यात बाकी नदीचे गोटे उघडे पडतात, पण कोंडीत पाणी राहतं आणि नदीतले सगळे मासे तिथे गोळा होतात. त्याच सुमाराला मुंबईचे चाकरमानी गावात गोळा होतात. मग एक दिवस ठरवून देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्या गावाने जाळी-टोपल्या घेऊन कोंडीत उतरायचं, ही वाडवडिलांपासूनची पद्धत. हल्ली पोरांनी युक्ती काढली आहे, ब्लिचिंग पावडर टाकायची. मासे आपोआप वर येतात. मासेच कशाला, जे काय जिवंत असेल ते सगळंच वर येतं. आणि यंदा कोंडीच्या काठाला, करंजाच्या मुळांत, हुदाच्या मादीची दोन पिल्लं होती. हूद म्हणजे पाणमांजर. इतकी वर्षं नदी राखली, तेव्हा कुठे ती परत आली, असं व्याही सांगायचे, आणि सांगताना नातवंडं झाल्यासारखा चेहरा करायचे.

गावकीच्या बैठकीत ते उभे राहिले. "एवढं वर्ष कोंड सोडा. पावडर पडली तर ती पिल्लं जगायची नाहीत." एक चाकरमानी म्हणाला, "गुरुजी, मुंबयवरना आमी काय शेवग्याच्या शेंगा खायला आलो?" हशा झाला. मग मी उभा राहिलो. सगळे गप्प, कारण हा पडला व्याही, हा आपल्या माणसाची बाजू घेणार. मी म्हटलं, "हूद मासं खातो, आमीपन खातो. त्याला पोरं हायत, आमालापन हायत." टाळ्या पडल्या. आयुष्यात मला एकदाच टाळ्या पडल्या आणि त्या व्याह्यांच्या विरोधात. व्याही खाली बसले, आणि धोतराला न लागलेली माती बराच वेळ झटकत राहिले.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी घोटाळा असा झाला की, गाऱ्हाणं घालणारे माझे चुलते, त्यांची कवळी मुंबईत मुलाकडे राहिली. दातांशिवाय देवाला काय कळणार? कुणीतरी म्हणालं, "टेम्पोवाल्याचा आवाज मोठा हाय, त्यालाच उभा करा." गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागणं कोणी ऐकत नाही. शेवटी महाराजा आला की व्हय म्हणायचं, एवढंच. मी नारळ हातात घेतला आणि सुरुवात तर झकास केली. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी उबी हायत, त्यांना सुखात ठेव रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "मुंबयला गेल्यांची नोकरी-धंदा सांबाळ रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." आणि पुढचं मला आठवेना. घाम फुटला. तेवढ्यात पाठीमागून हळू आवाज आला, मास्तर वर्गात कच्च्या पोराला सांगतो तसा. मला देव पावल्यासारखं झालं. मागून येईल ते मी पुढे ओरडत सुटलो. "ज्या घरात बाळंतीण आसंल, तिच्या दारात कोनी दांडगाई करू नये रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तशीच कोंडीतली ती बाळंतीण, ती आपल्या गावची माह्यारवाशीन रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तिची पिल्ला कोंडीत हायत तवर कोंडीत जाळा पडू नये, टोपली पडू नये, पावडर पडू नये रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," शाळेची पोरं तर बेंबीच्या देठापासून. "आनि जो कोन वाकडा पाऊल टाकील, त्याला तूच बगून घे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." मी नारळ फोडला. एका दणक्यात दोन शकलं.

मग चुलते नुसत्या हिरड्यांनी म्हणाले, "काय बोल्लास रं तू?" मी म्हटलं, "काय बोल्लो?" आणि तेव्हा मला कळलं काय बोललो ते. गुरव म्हणाला, "देवाला सबूद गेला. आता मागं घ्यायचा तर घ्या, पुडं या कोन येताय तो." शेवटचं मागणं ऐकल्यावर पुढे कोण येतो? लोक रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेले. व्याह्यांना मी बाजूला घेतलं. म्हणाले, "मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो, व्याहीबुवा. मोठ्याने तुम्ही म्हणालात." घरी बायकोने माशासाठी वाटण वाटून ठेवलेलं. तिने माझ्यापुढे कुळथाची पिठी वाढली आणि म्हणाली, "खावा. तुमच्याच तोंडातना आलेला हाय."

गुरवाने आणखी एक ठरवून टाकलं. ज्याने शब्द दिला त्यानेच सांगायचं, पिल्लं गेली का आहेत. म्हणजे मासे खायला सगळ्यात उतावळा जो माणूस, तोच राखणीला. रोज संध्याकाळी मी कोंडीवर जायचो. व्याही तिथे आधीच दगडावर बसलेले. दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, ते पाण्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे कान करून बसतात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, ऑपरेशनला रत्नागिरीला न्यायला बसलाय, आणि हे म्हणतात, कोंडीचं होऊ दे, मग बघू. पिल्लं त्यांनी एकदाही बघितलेली नव्हती, पोरांच्या हजेरीत ऐकली तेवढीच. "काय करतायत?" विचारायचे. मी सांगायचो. एकमेकांच्या शेपट्या चावतात, आईच्या पाठीवर चढतात, पाण्यात पडतात. एकदा आईने चांगला हातभर मासा आणला आणि तिघांनी डोक्यापासून खाल्ला. "तुम्हाला वाईट वाटलं का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "लय." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

महिना संपत आला तशी एका संध्याकाळी करंजाखाली कोणीच दिसेना. मी मुळांत वाकून बघितलं, वरच्या गोट्यांपर्यंत जाऊन आलो. ओल्या वाळूत आईची आणि पिल्लांची पावलं उमटलेली, खालच्या अंगाला गेलेली. पलीकडच्या काठावर चाकरमान्यांची पोरं उभी होती, त्यांच्या गाड्या दोन दिवसांनी सुटायच्या होत्या. एकजण ओरडला, "ओ काका, गेली काय पिल्ला?"

व्याह्यांनी मान माझ्याकडे वळवली. हात तेवढे गुडघ्यांवर घट्ट धरलेले.

"हायत रे अजून," मी ओरडलो.

पोरं गेली. पाणी गोट्यांवरनं वाजत होतं. व्याही दगडावर थोडे सरकले आणि म्हणाले, "आज काय करतायत?"

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगायला लागलो.