नववी ब, विश्राम!

आमच्या ह्यांना शाळेत कविता शिकवायला सांगितलंय हे मला फोनवर कळलं, तेव्हा मी दंतवैद्याच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसले होते. मी इतक्या मोठ्यानं हसले की अक्कलदाढ काढायला आलेले एक गृहस्थ उठून घरी जायला निघाले. त्यांना परत बसवता बसवता माझी पुरेवाट झाली.

हसू नको तर काय करू? हे हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक. तीस वर्षं गळ्यात शिट्टी. मुलं पाठीमागे 'शिट्टीसर' म्हणतात आणि समोर नुसतं 'सर', एवढाच काय तो फरक. घरात 'चला, जेवायला बसू' हेसुद्धा कवायतीच्या सुरात येतं. असा माणूस आणि कविता! गाढवाला गुळाची चव काय, असं मनात आलं आणि नवऱ्याबद्दल असं म्हणू नये म्हणून लगेच जीभ चावली.

झालं होतं असं की, भाषेच्या बाई जिन्यावरून घसरल्या आणि पाय मोडून घरी बसल्या. नववी बचा शुक्रवारचा कविता म्हणण्याचा तास रिकामा पडला. गणिताच्या सरांना पेपर तपासायचे होते, विज्ञानाच्या बाईंचे प्रयोग अर्धवट होते. उरले हे. "तुमचा आवाज मोठा आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. ह्यांनी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत बाई पुढच्या फायलीवर सही करत होत्या.

त्यात शाळा समितीचे अध्यक्ष त्या तासावर टपलेलेच होते. चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीची मात्रा विचारणार. "पाठ करून उपयोग काय? परीक्षेत गुण नाहीत. त्यापेक्षा विज्ञानाचा जादा तास घ्या." शेवटी ठरलं की, दीड महिन्यानं पालकांची सभा आहे, तिथे नववी बनं कविता म्हणून दाखवावी. समितीला पटलं तर तास राहील, नाहीतर गेला.

पहिल्या शुक्रवारी हे घरी आले ते कपाळाला हात लावूनच. चहा ठेवला तशी हकीकत बाहेर पडली.

कविता बाईंच्या वहीतली होती. मुलांनी ती सुरू केली आणि कुठेही न थांबता एका दमात संपवली, जशी काही मागे कुत्री लागलीत. स्वल्पविरामाशी थांबा, विराम घ्या, एवढंच ह्यांना सांगायचं होतं. पण तीस वर्षांची सवय ती! मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, 'दार लोटले'पर्यंत आली आणि हे मैदानावरच्या आवाजात ओरडले, "विश्राम!"

बेचाळीस डावे पाय धाडकन बाजूला. बेचाळीस जोड्या हात पाठीमागे. खालच्या वर्गाच्या बाई अजून सांगतात की त्यांच्या टेबलावर छताचा पोपडा पडला.

"मग?" मी विचारलं. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं होतं.

"मग काय, सगळे हसले. मीही हसलो. पण अगं, त्यानंतर सगळे गप्प झाले ना, तेव्हा पुढची ओळ काय छान आली! श्वास भरलेला, मान वर, हात जागेवर. मी म्हटलं, असंच म्हणा."

आणि ते तसंच सुरू झालं. जिथे विराम, तिथे विश्राम. बाकी वर्गांनी टिंगल केली, मुख्याध्यापिकाबाई दोनदा दारातून डोकावून गेल्या, पण ह्यांनी नियम सोडला नाही. उलट एक नवा घातला. कोणाला ओळ आठवली नाही तर खाली बघायचं नाही, जीभ काढायची नाही, माफी मागायची नाही. विश्राम. उभं राहायचं, श्वास घ्यायचा, ओळीची वाट बघायची. आणि बाकीच्यांनी? त्यांनीही विश्राम. हसायचं नाही, कुजबुजायचं नाही आणि शहाणपणा करून ओळ सांगायची तर अजिबात नाही.

घरी मात्र मला विश्राम नव्हता. हे सकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालत घोकायचे:

दार लोटले, दिवा तेवता, वाट अजूनी जागी आहे;
कोणी येवो, केव्हा येवो, माझ्यापाशी जागा आहे.

अशी पुढे आणखी बारा ओळी. ह्यांच्या डोक्यात त्या बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत उठून जायच्या. माझ्या मात्र कांदा चिरता चिरता आठवड्यात तोंडपाठ झाल्या.

उपयोगाचं म्हणाल तर तो मी डोळ्यांनी पाहिला. नववी बमधली एक मुलगी दाढ भरायला आमच्या दवाखान्यात आली. आ वासलेला, तोंडात नळी आणि घशातून चालू, "आ ओअले, इआ एवआ..." डॉक्टर घाबरून थांबले. "दुखतंय का?" मुलीनं मान हलवली, नाही. कविता पूर्ण होईपर्यंत दाढही भरून झाली. एरवी याच मुलीला खुर्चीत बसवायला तिची आई, मी आणि कंपाउंडर असे तिघं लागायचो.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी मात्र माशी शिंकली. पहिल्या बाकावरच्या, वर्ग जिला 'रेडिओ' म्हणतो त्या मुलीनं उभं राहून सांगितलं, "सर, आम्ही सगळे म्हणू. पण आधी तुम्ही म्हणा. स्टेजवर. एकटे."

सगळ्या वर्गानं तेच लावून धरलं. बेचाळीस जणांसमोर एकट्याचं काय चालणार? हे हो म्हणून आले आणि जेवले नाहीत.

का जेवले नाहीत ते मला माहीत होतं. ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मोठ्या नणंदबाईंनी सांगितलं होतं. हे चौदा वर्षांचे असताना भाषेच्या मास्तरांच्या तासाला कविता म्हणायला उभे राहिले, दुसऱ्या ओळीला अडकले आणि सगळा वर्ग हसला. दप्तर तिथेच टाकून हे जे पळाले ते नदीच्या पुलापर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी खेळाच्या सरांनी त्यांना धावण्याच्या चमूत घेतलं. नणंदबाई ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला त्यात कधी हसू आलं नाही. चाळीस वर्षं हा माणूस लग्नात, निरोपसमारंभात, कुठेही चार शब्द बोलायची वेळ आली की खुर्च्या मोजायला जातो.

"जमेल तुम्हाला," मी म्हटलं.

"आणि नाही जमलं तर?" एवढंच म्हणाले आणि ताट सरकवलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत. पुढे अध्यक्ष, मांडीवर घड्याळ काढून ठेवलेलं. हे स्टेजवर आले ते शिट्टी काढून, आणि त्यामुळे मला उगाच उघडेबोडके वाटले. पहिल्या दोन ओळी ठणठणीत गेल्या. तिसरी गेली. चौथी गेली.

पाचवी आली नाही.

मला ती येत होती हो! जिभेच्या टोकावर होती. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ह्यांचं वाक्य अडखळलं की ते मी पूर्ण करते, दुकानात, डॉक्टरकडे, सोयऱ्यांत, सगळीकडे. मी तोंड उघडलंसुद्धा. ह्यांची नजर स्टेजच्या दाराकडे गेली होती. आता हे पळणार, मला कळलं. अध्यक्ष समजूतदारपणे टाळ्या वाजवायला लागले, म्हणजे प्रकरण एकदाचं मिटावं.

तेवढ्यात मागच्या भिंतीजवळ, जिथे नववी ब उभी होती, तिथून रेडिओचा आवाज आला, "नववी ब, विश्राम!"

बेचाळीस पाय वाजले. सभागृह हादरलं. अध्यक्षांचं घड्याळ मांडीवरून खाली पडलं. "काका, थांबा जरा," रेडिओ म्हणाली, "सरांची ओळ येतेय."

आणि मग जे झालं ते म्हणजे काहीच झालं नाही. बेचाळीस मुलं हात पाठीमागे बांधून, मान वर करून उभी होती. एकही जण हसत नव्हता, कोणी कोणाला कोपर मारत नव्हतं. पंधरा वर्षांची मुलं, जी घरी हाक मारली तर दोन मिनिटं थांबत नाहीत, ती एका माणसाच्या ओळीसाठी थांबली होती. मी तोंड मिटलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं जड काम मी केलं नसेल.

ह्यांनी मुलांकडे पाहिलं. डावा पाय बाजूला घेतला, हात मागे नेले, श्वास घेतला. किती वेळ गेला देव जाणे. मग पाचवी ओळ आली. तिच्यामागून उरलेल्या सगळ्या आल्या, आणि ह्यांचा इतका मऊ आवाज मी घरातही कधी ऐकला नव्हता. मी रडत होते. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला, त्याही रडत होत्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर मुलांनी कविता म्हटली, चांगली म्हटली. अध्यक्षांनी घड्याळ कानाला लावून बघितलं आणि म्हणाले, "तास राहू द्या. पण पंधरा दिवसांतून एकदा." औषधवालाच तो, निम्मी गोळी दिलीच. मला राग आला होता, पण मुख्याध्यापिकाबाईंनी डोळ्यांनीच गप्प बसवलं. तास वाचला होता.

घरी आम्ही चालत निघालो. टपाल कार्यालयाच्या कोपऱ्यावर हे थांबले.

"मी नववीत होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा वर्गात..."

आणि अडकले. पुढचं सगळं मला पाठ होतं. मी एक शब्द बोलले नाही. बाजूनं दोन सायकली गेल्या. टपाल कार्यालयाचा शिपाई दाराला कुलूप लावून, आमच्याकडे दोनदा वळून बघत निघून गेला. मी उभी राहिले.

"ताई सगळ्यांना सांगते की वर्ग हसला," हे शेवटी म्हणाले. "वर्ग नव्हता हसला गं. मास्तर हसले होते."