मर्जीतला माणूस आणि बेसनाचे लाडू

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू म्हातारपणी परीक्षा का दिलीस?" म्हातारपणी नव्हे, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. तुमची आई युनिव्हर्सिटीत गेली, लंडनमधल्या हॅरोच्या घरात दुपारी फक्त घड्याळ ऐकू येऊ लागलं, म्हणून मी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात इतिहासाच्या ए-लेव्हलसाठी, म्हणजे इथल्या बारावीसाठी, नाव घातलं.

पहिला निबंध सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या दरबारावर होता. साध्या घरातला एक देखणा तरुण राजाचा पेला भरायच्या कामावर लागतो आणि काही वर्षांत ड्यूक, म्हणजे सगळ्यांत वरचा सरदार, होतो. राजाला भेटायचं तर आधी त्याला भेटायचं. जुने सरदार जळतात, कारस्थानं करतात. राजा जातो, मुलगा गादीवर येतो, तरी हा तिथेच. शेवटी पार्लमेंट त्याच्यावर खटला भरतं. प्रश्न होता: लोकांच्या असंतोषाला हा माणूस किती जबाबदार?

मी पुण्यात बी.ए.ला करत असे तसाच अभ्यास केला, म्हणजे पाठ केलं. पोळ्या लाटताना पुस्तक डब्याला टेकवून परिच्छेदामागून परिच्छेद घोकले. मग समास आखून सहा पानं लिहिली.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर शिक्षिकेने मला थांबवलं. "हे पुस्तकातून उतरवलंय. पुन्हा असं झालं तर परीक्षेच्या फॉर्मवर मी सही करणार नाही."

माझे कान तापले. "उतरवलेलं नाही. पाठ आहे."

"सहा पानं?"

मी तिथेच उभी राहून म्हणायला सुरुवात केली. दुसरं पान संपताना तिने हात वर केला. ती हसत होती. "विश्वास बसला. पण हे त्या लेखकाचं मत आहे. तुमचं मत मला मंगळवारी हवंय."

माझं मत! पुण्यात ते कुणी कधी मागितलं नव्हतं. शनिवारपर्यंत कागद कोराच होता. चहा घेताना मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "अहो, मी वर्ग सोडते."

"का? राजाची मर्जी फिरली?"

"थट्टा नको."

"बरं. अगं, पण त्या ड्यूकने केलं तरी काय एवढं?"

"राजाच्या दाराशी उभा राहिला. त्याच्या मर्जीशिवाय कुणी आत जाईना."

"म्हणजे आमची महाराणीच की!"

महाराणी म्हणजे त्यांच्या जुन्या कन्सल्टंटची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरसाहेबांची, सेक्रेटरी. आजोबा ज्युनियर डॉक्टर असताना दर सहा महिन्यांनी नवी नोकरी शोधावी लागे आणि त्या नोकरीसाठी साहेबांचं रेफरन्सचं, म्हणजे शिफारशीचं, पत्र लागे. ते पत्र तिच्या टेबलावरून येई. म्हणून दिवाळीत मी तिला बेसनाचे लाडू पाठवायची.

"लाडू द्यायचे आणि मागे नावंही ठेवायची. तुम्हीसुद्धा!" मी म्हटलं.

"मग काय साहेबांना नावं ठेवू? पत्र कोण देणार होतं?" असं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

मी कप खाली ठेवला. तिला त्या दाराशी बसवलं कुणी? साहेबांनीच. आणि आत साहेब सगळ्यांच्या लेखी सज्जन.

त्याच दुपारी मी "माझ्या मते" असं लिहून सुरुवात केली. राजाला दोष द्यायची सोय नव्हती, म्हणून लोकांनी तो मर्जीतल्या माणसाला दिला, आणि दोन्ही राजांना ते सोयीचंच होतं. ड्यूक निर्दोष नव्हता, पण सगळा राग त्याच्या एकट्याच्या वाट्याचा नव्हता. अडीच पानं झाली. सेक्रेटरी आणि लाडूही त्यात आले.

शिक्षिकेने खाली पेन्सिलीने लिहिलं: "परीक्षेत लाडू नकोत. बाकी सगळं ठेवा." मग माझ्यासमोरच तिने फॉर्मवर सही केली. उन्हाळ्यात मी पासही झाले.

त्या दिवाळीत मी महाराणीला पुन्हा लाडू पाठवले. आजोबांना हॉस्पिटल बदलून दहा वर्षं झाली होती, आमचं तिच्याकडे काहीच काम नव्हतं. चिठ्ठीत तिचं नाव नीट लिहिलं. चार दिवसांनी तिचं कार्ड आलं. लाडवांची कृती मागितली होती.