दादाला मिळू नये म्हणून

मनात सख्ख्या भावाचा मत्सर असताना दत्तासमोर उभं राहावं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. दादा लंडनहून बॅरिस्टर होऊन आला, नोएडात कारखाना उभा केला, आणि फौजेतल्या जवानांच्या विधवांचे पेन्शनचे खटले फी न घेता लढवू लागला. मी बाबांचं दिल्लीच्या करोल बागेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळत राहिलो. लोक माझी ओळख "बॅरिस्टर साहेबांचे धाकटे भाऊ" अशी करून देत, तेव्हा मी हसायचो आणि आतून जळायचो.

त्या सकाळी एका सरकारी आयोगाच्या अध्यक्षपदासाठी दादाची अखेरची मुलाखत होती. त्याच्यासाठी अभिषेक करायला आईने मलाच देवळात पाठवलं. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "महाराज, एवढं तरी त्याला मिळू नये."

देवळाबाहेर आलो आणि छातीत कळ उठली. "आई गं!" म्हणत खाली बसलो. लोक नुसते बघत होते. एक अनोळखी बाई धावत आली.

"मराठी हायसा व्हय? घाबरू नगा भाऊ. माझं मालक फौजेत हायेत, आमी हितंच छावणीत ऱ्हातो."

तिने ऑटो थांबवली. "भैया, अस्पताल, जल्दी!" वाटेत तिने विचारलं, "घरच्या कुणाला फोन लावू?" माझ्या तोंडून दादाचंच नाव निघालं.

शुद्धीवर आलो तेव्हा दादा उशाशी होता. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेही "सर, सर" करत दादाशीच बोलत होते, आणि अंगाला नळ्या लावलेल्या असतानाही मला त्याचा हेवा वाटला. ती बाई केव्हाच निघून गेली होती. तिचं नावही कुणी विचारलं नव्हतं.

"मुलाखत?" मी विचारलं.

"आत बोलावलं, तेवढ्यात फोन आला. निघून आलो."

मला रडू फुटलं. सकाळी काय मागितलं ते मी सांगून टाकलं.

"ते पद मला फार हवं होतं रे," दादा म्हणाला. मग माझं पांघरूण सारखं करत म्हणाला, "पण तू गेला असतास, तर काय करणार होतो मी त्याचं?"

पद दुसऱ्याला मिळालं. महाराजांनी माझं ऐकलं की मला वाचवलं, याचा निवाडा मी करत नाही. हेवा अजूनही उठतो. तो आता लपवत नाही, आहे तसा त्यांच्या पायांशी ठेवतो. कुणाला काय द्यायचं, ते त्यांनी ठरवावं.